सँटोरिनीच्या समुद्राखालचं पेव

२०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या मैत्रिणीचा मेसेज आला. "सप्टेंबरची सँटोरिनीची तिकिटं काढून ठेवलीयेत. आई-बाबाही सांगलीहून यायचेत. तिथे दिवसाला शेकडो भूकंप होतायत म्हणे. रद्द करू का? तू ज्वालामुखीवाली ना, सांग!"

'ज्वालामुखीवाली' हे अर्धसत्य आहे. ज्वालामुखींच्या आसपास जमिनीतून आणि समुद्रतळातून जे वायू बाहेर येतात, त्यांचं विश्लेषण करणं हे माझं काम. काचेच्या नळ्यांमध्ये बंद होऊन हे वायू प्रयोगशाळेत येतात, आणि ते कुठून आले, किती खोलवरून आले, हे मी यंत्रांना विचारत बसते. त्यामुळे "उद्रेक कधी होणार?" असं कुणी विचारलं की माझी दातखीळ बसते, आणि "वायूंचं काय?" असं विचारलं की माझी गाडी थांबत नाही. हा दुसरा प्रश्न मैत्रिणीने विचारला नव्हता. सहसा कुणीच विचारत नाही. ज्वालामुखी म्हटलं की डोळ्यांपुढे लाव्हा येतो, राखेचे ढग येतात. पण सँटोरिनीच्या शेजारी पाण्याखाली जो ज्वालामुखी आहे, त्याने मागच्या खेपेला ज्यांचे जीव घेतले, त्यांतले बहुतेक वायूमुळे गेले.

तिला मी तेव्हा दोन ओळींत उत्तर दिलं. उरलेलं हे असं तुमच्यासाठी लिहितेय, कारण युरोपात राहणारं आणि सँटोरिनीला जाऊन न आलेलं किंवा जायचा बेत न केलेलं मराठी कुटुंब मला तरी अजून भेटायचंय.

आधी त्या भूकंपांबद्दल. जानेवारी २०२५ च्या अखेरीस सँटोरिनी आणि अमोर्गोस या दोन ग्रीक बेटांमधल्या समुद्रात, अनिद्रोस नावाच्या निर्जन बेटाच्या आसपास, भूकंपांची रांगच लागली. ६ फेब्रुवारीला सँटोरिनीवर आणीबाणी जाहीर झाली, १० फेब्रुवारीला ५.३ तीव्रतेचा सगळ्यात मोठा धक्का बसला, आणि तोवर ११ हजारांहून जास्त माणसं बोटीने, विमानाने बेट सोडून गेली होती. शाळा बंद, रस्ते ओस. भूगर्भातला एखादा मोठा प्रस्तर सरकतोय की शिलारस म्हणजे मॅग्मा वाट काढतोय, यावर त्या आठवड्यांत शास्त्रज्ञांमध्येही एकमत नव्हतं. नंतर मोजमापांचा ताळमेळ लागला तेव्हा कळलं की मॅग्माच होता. सुमारे ३० कोटी घनमीटर मॅग्मा खोलवरून वर सरकला, आडव्या-तिरक्या भेगेसारखा ईशान्येकडे पसरला आणि समुद्रतळाच्या काही किलोमीटर खालीच थांबला. वाटेत त्याने खडक फोडले, तेच ते हजारो भूकंप. बाहेर काहीच आलं नाही.

यात माझ्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात रोचक गोष्ट अशी, की या हालचालीत सँटोरिनी आणि तिचा शेजारी, दोघांचीही जमीन खचली. म्हणजे वरून दोन वेगळे दिसणारे ज्वालामुखी खाली कुठेतरी एकमेकांशी जोडलेले आहेत. या शेजाऱ्याचं नाव कोलुम्बो. पर्यटकांच्या नकाशात तो नसतो, कारण दिसतच नाही. सँटोरिनीपासून ईशान्येला साधारण ७ किलोमीटरवर पाण्याखाली हा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरचं विवर सुमारे १,७०० मीटर रुंद आहे. विवराचा काठ एका जागी पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम १८ मीटर खाली, आणि विवराचा तळ मात्र ५०० मीटर खाली. एखादी खोल कढई पाण्यात बुडवून ठेवावी, तसं. हे १८ आणि ५०० हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर चालते.

१६५० साली कोलुम्बो जागा झाला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये भूकंप वाढले, समुद्राचा रंग बदलला, मग पाण्यातून धूर आणि राख वर यायला लागली, प्यूमिस नावाचा सच्छिद्र, तरंगणारा दगड लाटांवर पसरला. महिनाअखेरीस मोठे स्फोट झाले. बेटावर राहणाऱ्या फ्रान्स्वा रिशार नावाच्या जेझुइट पाद्र्याने या दिवसांचा वृत्तांत लिहून ठेवलाय, म्हणून आपल्याला इतकं तपशिलात कळतं. आधी समुद्र मागे हटला आणि मग लाटा आल्या. इओस बेटावर त्या सुमारे २० मीटर उंचीपर्यंत चढल्याचं प्रत्यक्षदर्शींनी सांगितलं. सँटोरिनीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सपाट शेतजमिनी पाण्याखाली गेल्या. तिथेच आज कामारी आणि पेरिस्सा ही काळ्या वाळूची प्रसिद्ध पर्यटनगावं आहेत.

आणि मग आला वायू. वारा बेटाच्या दिशेने फिरला तेव्हा लोकांच्या डोळ्यांची भयंकर आग व्हायला लागली, कित्येकांना काही दिवस दिसेनासं झालं. माणसं घुसमटून मेली. सुमारे ७० माणसं आणि हजाराहून जास्त गुरंढोरं गेली. माणसांपेक्षा जनावरं इतकी जास्त का मेली, याचं मला वाटणारं एक कारण अगदी साधं आहे: त्यांची डोकी जमिनीच्या जवळ असतात.

हे कारण मला कुठल्या पुस्तकातून सुचलेलं नाही. मी सांगलीची. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, आणि हरिपूरची पेवं प्रसिद्ध आहेत. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा: तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. तोंड बंद केलं की हळद वर्षानुवर्षं टिकते, कारण आत किडा जगत नाही. किडा जगत नाही ते ज्या कारणाने, त्याच कारणाने माणूसही जगत नाही. आतला माल प्राणवायू वापरून टाकतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि तो तळाशी साचून राहतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड काही तास उघडं ठेवायचं आणि मग दोरीला बांधून कंदील खाली सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर नाही. कोलुम्बोवरचे शोधनिबंध वाचताना मला दर वेळी तो कंदील आठवतो.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. वारा नसेल तर तो पाण्यासारखा उताराने वाहतो आणि खळग्यात साचतो. त्याला रंग नाही, आणि सौम्य प्रमाणात वासही नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत तो ०.०४ टक्के असतो. ३ टक्क्यांच्या आसपास गेला की श्वास जोरात व्हायला लागतो, ५ टक्क्यांना डोकं दुखतं, धाप लागते, आणि १० टक्के झाला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. पुष्कळांना वाटतं की तो फक्त प्राणवायूची जागा घेतो म्हणून घातक. तसं नाही. तो रक्तात विरघळून रक्त आम्लधर्मी करतो, म्हणजे प्राणवायू पुरेसा असतानाही तो मारू शकतो.

१६५० मध्ये डोळे चुरचुरले ते मात्र त्याच्यामुळे नाहीत. तिथे गंधकाचे वायू होते, आणि लक्षणांवरून त्यांत हायड्रोजन सल्फाइडवर दाट संशय जातो. सडक्या अंड्यांचा वास येतो तो हाच वायू. आपलं नाक त्याला इतक्या सूक्ष्म प्रमाणात ओळखतं की हा तसा 'बरा' विषारी वायू म्हणायला हवा, पण त्याचा एक घातकी गुण आहे. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की वास घेणाऱ्या नसाच बधिर होतात. वास थांबतो आणि माणसाला वाटतं, गेला एकदाचा! आपल्याकडे मॅनहोलमध्ये उतरलेला कामगार बाहेर येत नाही, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, ही बातमी तुम्ही किती वेळा वाचलीय आठवा. तोच हा वायू.

आता हे वायू समुद्राखाली आले कुठून? गोटीसोड्याची बाटली आठवतेय? जत्रेत किंवा एसटी स्टँडवर मिळायची ती, गळ्यात काचेची गोटी अडकलेली. गोटी जागेवर असते तोवर आतलं पाणी नितळ दिसतं, एकही बुडबुडा नाही. वायू त्यातच असतो, पण दाबाने विरघळलेला. अंगठ्याने गोटी आत ढकलली की फस्स! जमिनीखालचा मॅग्मा असाच असतो. त्याच्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक विरघळलेले असतात आणि वरच्या खडकांचं ओझं ही त्याची गोटी. मॅग्मा वर सरकतो तसं ओझं कमी होतं आणि वायू सुटे व्हायला लागतात. त्यांतही क्रम असतो: कार्बन डायऑक्साइड मॅग्मात फारसा टिकत नाही, तो खूप खोलवरच सुटतो, पाणी आणि गंधक मॅग्मा बराच वर आल्यावर. म्हणून आमच्यासारखे लोक वायूंच्या प्रमाणांवर डोळा ठेवून असतात. कार्बन आधी पोचतो, निरोप्यासारखा.

कोलुम्बोची गोटी १६५० मध्ये कशी निसटली, याचं उत्तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळालं. जर्मनीतल्या कील शहरातल्या गेओमार संस्थेच्या शास्त्रज्ञांनी समुद्रतळाखालच्या थरांची त्रिमितीय प्रतिमा काढली आणि दिसलं की त्या वेळी डोंगराची पश्चिमेकडची बाजूच घसरून गेली होती, घन किलोमीटरपेक्षा जास्त मालाची. इतकं ओझं एकदम उतरल्यावर खालच्या मॅग्माचं काय झालं असेल, हे ज्याने गोटीसोडा प्यालाय त्याला वेगळं सांगायला नको. दरड आणि स्फोट दोन्ही धरले तरच त्या २० मीटरच्या लाटांचा हिशेब लागतो.

हा झाला उद्रेकाचा दिवस. एरवी, म्हणजे आज, कोलुम्बो काय करतोय? २००६ मध्ये संशोधकांनी दूरनियंत्रित पाणयान विवरात उतरवलं आणि तळाशी खनिजांच्या चिमण्यांचं रानच सापडलं. काही चिमण्यांतून २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं पाणी बाहेर पडत होतं. २२० अंशांना पाणी उकळत कसं नाही? कारण ५०० मीटर खोलीवर दाब हवेच्या ५० पट असतो, तिथे उकळायला याहूनही जास्त उष्णता लागते. चिमण्यांतून बुडबुडेही निघत होते आणि त्यांत जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइड होता, ९९ टक्क्यांच्या वर. त्यात किंचितसा हेलियम असतो. तो माझा आवडता. हेलियमचे दोन प्रकार: हेलियम-४ खडकांतल्या किरणोत्सर्गातून सतत तयार होतो, हेलियम-३ मात्र बहुतांशी पृथ्वीच्या जन्मापासून खोल प्रावरणात अडकलेला आहे. कोलुम्बोच्या वायूंत या दोघांचं गुणोत्तर हवेतल्या गुणोत्तराच्या सुमारे ७ पट निघालं. म्हणजे नळीतला तो वायू थेट प्रावरणातून आलेल्या ताज्या मॅग्माचा. असा आकडा यंत्राच्या पडद्यावर उमटतो तेव्हा चहा गार झाला तरी चालतो.

पण या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते त्या बुडबुड्यांचं पुढे काय होतं. ते पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत. साधारण १० मीटर वर जाईपर्यंत पाण्यात विरघळून जातात. आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी साध्या समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित जड होतं, त्यामुळे ते वर येऊन मिसळून न जाता खाली बसतं, आणि कढईच्या उंच भिंतींमुळे बाहेरही पडू शकत नाही. विवराच्या तळाशी असं आम्लयुक्त पाणी साठलंय. समुद्राचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८ असतो. इथे तो काही ठिकाणी ५ पर्यंत उतरलेला सापडला, काळ्या कॉफीइतका आंबट. तिथे जीवसृष्टी म्हणजे मुख्यतः जिवाणूंची साय, शंख-शिंपलेवाले प्राणी नाहीत. थोडक्यात, कोलुम्बोचं विवर हे एक पेव आहे. वर ५०० मीटर पाणी आणि त्यावरून संथ चाललेल्या बोटी.

सँटोरिनीच्या स्वतःच्या पोटातही, म्हणजे ज्या गोलाकार समुद्राकाठी ती पांढरी घरं आणि निळे घुमट आहेत त्या कॅल्डेरात, सुमारे २५० मीटर खोलीवर २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या पाण्याची डबकी सापडली. समुद्रात डबकी! उताराच्या खळग्यांत साचलेलं, दुधाळ रंगाचं, भोवतालच्या पाण्यात न मिसळणारं पाणी.

इथे पोचल्यावर जाणकार वाचकांच्या मनात न्योस येईल. कॅमेरूनमधल्या या तळ्याच्या तळाशी असाच कार्बन डायऑक्साइड साचत गेला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी बाहेर आला, दरीतून खाली वाहत गेला आणि सुमारे १,७०० माणसं झोपेत मेली. कोलुम्बोचं तसं होईल का? हा प्रश्न वैज्ञानिक साहित्यात गांभीर्याने मांडला गेलाय आणि मांडायलाच हवा. पण न्योससारखं व्हायला तळाचं पाणी वायूने अगदी काठोकाठ भरावं लागतं, म्हणजे थोडं वर उचललं गेलं तरी फसफसावं. कोलुम्बोच्या तळाशी ५० पट दाब आहे आणि मोजलेलं पाणी त्या दाबाला मावेल त्याच्या कितीतरी कमी भरलेलं आहे. नुसत्या ढवळण्याने त्यातून ढग उठेल असं मला वाटत नाही. मला काळजी आहे ती खालून मॅग्मा येण्याची. कारण तेव्हा वायू तळाच्या पाण्यात विरघळायला थांबत नाही. स्फोटाच्या खांबाबरोबर तो सगळं पाणी भेदून वर येतो, आणि काठ फक्त १८ मीटर खाली आहे. रोजच्या दिवशी समुद्र हे झाकण आहे आणि चांगलं झाकण आहे. त्यामुळे बेटावरच्या कुणाला त्या वायूचा वासही येत नाही. म्हणूनच तो तिथे आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

झाकण जिथे पातळ आहे तिथे काय होतं, ते बघायला इटलीत जाऊ. सिसिलीच्या उत्तरेला एओलियन बेटं आहेत. त्यांतलं पनारेआ हे श्रीमंतांचं, छोटंसं, शांत बेट. ३ नोव्हेंबर २००२ ला तिथल्या मासेमारांना दिसलं की बोत्तारो आणि लिस्का बियांका या खडकाळ बेटुकल्यांजवळचा समुद्र उकळतोय. उकळत नव्हता, वायूने घुसळत होता. समुद्रतळाला २० मीटर लांबीचा खड्डा पडला होता आणि तिथून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा सुरू होता, सुरुवातीला दिवसाला अब्ज लिटरच्या घरात. मेलेले मासे तरंगत होते. खोली फार तर १०-२० मीटर, त्यामुळे विरघळायला वावच नाही, सगळा वायू थेट हवेत. मॅग्माचा एक थेंब बाहेर आला नाही. काही महिन्यांत सगळं ओसरलं. तिथे वर मोकळा वाराही होता, म्हणून कुणी दगावलं नाही. हेच मध्यरात्री, वारा पडलेला असताना, एखाद्या खोलगट खाडीत झालं असतं तर? मी हे उगीच भीती घालायला विचारत नाही. शेजारच्याच व्हुल्कानो बेटावर २०२१ मध्ये जमिनीतून येणारा वायू इतका वाढला की नोव्हेंबरमध्ये तिथल्या बंदराजवळच्या वस्तीत रात्री झोपायला मनाई करण्यात आली. दिवसा घरी या, रात्री बाहेर. वाचायला विचित्र वाटतं, पण कारण शुद्ध पेवाचं आहे: रात्री हवा स्थिर, आणि झोपलेला माणूस जमिनीजवळ.

बोटींचं काय, असं मला नेहमी विचारलं जातं, बहुधा बर्म्युडा ट्रँगलच्या व्हिडिओंमुळे. बुडबुड्यांनी भरलेलं पाणी हलकं होतं, हलक्या पाण्यात नाव खोल बसते, हे खरं. कॅरिबियन समुद्रात ग्रेनाडाच्या उत्तरेला ८ किलोमीटरवर किक-एम-जेनी नावाचा ज्वालामुखी पाण्याखाली आहे. त्याच्यावर नेहमीच दीड किलोमीटरचं वर्जित क्षेत्र असतं, हालचाल वाढली की ते ५ किलोमीटर करतात. हलकं पाणी हे त्याचं एक कारण. १९४४ मध्ये त्या भागात 'आयलंड क्वीन' नावाची शिडाची बोट साठेक प्रवाशांसह नाहीशी झाली, आणि ती या ज्वालामुखीने गिळली अशी तिथे समजूत आहे. पुरावा मात्र काहीच नाही. माझ्या मते वायूने बोट बुडण्यापेक्षा बोट नको तेव्हा नको तिथे असणं हा खरा धोका. सप्टेंबर १९५२ मध्ये जपानच्या दक्षिणेला म्योजिन-शो या जागृत झालेल्या ज्वालामुखीचा अभ्यास करायला 'काइयो मारू क्र. ५' हे जहाज गेलं. जहाजावर ३१ जण होते, त्यांत ९ शास्त्रज्ञ. त्यांच्या खालीच स्फोट झाला. पाण्यावर तरंगणारे लाकडाचे तुकडे सापडले, त्यांत ज्वालामुखीच्या दगडाचे कण रुतलेले होते. त्या स्फोटांचा आवाज पाण्यातून थेट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथल्या जलध्वनिग्राहकांनी तो टिपला. आमच्या क्षेत्रात मोहिमेची आखणी करताना हे जहाज कुणी नाव न घेताही खोलीत असतं.

कोलुम्बोबाबत आज आपल्याला काय ठाऊक आहे? त्याच्या खाली २ ते ४ किलोमीटरवर मॅग्माचा साठा आहे, हे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. साधारण १.४ घन किलोमीटर वितळलेला मॅग्मा. १६५० पासून तो सरासरी वर्षाला ४० लाख घनमीटरने भरत आला असावा असा त्यांचा अंदाज. विवरात आता उपकरणं आहेत: तापमान, दाब, आवाज, जमिनीचा कल. पण समुद्रतळावर उपकरण ठेवणं आणि जमिनीवर ठेवणं यांत फरक असा की जमिनीवरचं बिघडलं तर गाडी काढून जाता येतं. समुद्रतळावरचं बिघडलं तर जहाज मिळायला हवं, हवामान हवं, निधी हवा. बॅटरी संपते, आम्लात तारा खराब होतात. आणि वायूंबाबत तर सगळ्यात मोठी अडचण, की रोजचा आकडा माहीत असल्याशिवाय आजचा आकडा वाढलाय की नाही ते कळत नाही. व्हुल्कानोवर तीसेक वर्षांच्या नोंदी होत्या म्हणून २०२१ मधली वाढ ओळखता आली. कोलुम्बोच्या वायूच्या अशा सलग नोंदी नुकत्याच कुठे सुरू होतायत.

मैत्रिणीला मी फेब्रुवारीत दिलेलं उत्तर असं होतं: "आत्ता रद्द करू नकोस, मे महिन्यात बघू. आणि हॉटेल कामारीऐवजी वर, कड्यावरच्या गावात घे." मे पर्यंत भूकंप ओसरले होते, बेट पुन्हा भरायला लागलं होतं. हॉटेल वर घे म्हटलं ते लाटेसाठी, आणि वायूसाठीही. जड वायू डोंगर चढत नाही. उद्रेकाची शक्यता त्या आठवड्यापुरती अगदी कमी होती, पण अगदी कमी म्हणजे शून्य नव्हे. फिरताना चार गोष्टी पाळायला पैसे पडत नाहीत: भूकंप जाणवला की किनारा सोडून चढावर जायचं, सूचनेची वाट बघायची नाही, जिथे समुद्रात किंवा जमिनीतून बुडबुडे येतात तिथे वारा नसताना खळग्यात, गुहेत बसायचं नाही, लहान मुलांना तर नाहीच, मेलेले पक्षी, उंदीर दिसले तर मागे फिरायचं, आणि कुणी खळग्यात कोसळलेला दिसला तर त्याला काढायला श्वासाच्या साधनाशिवाय उतरायचं नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, हे मला माहीत आहे.

सप्टेंबरमध्ये ती मंडळी गेली. तिथून तिचा फोन आला. बोटवाला पालेआ कामेनी या छोट्या बेटाजवळ गरम झऱ्यांत पोहायला नेतो, पाणी तांबूस आहे, त्यातून बुडबुडे येतात, जाऊ का? मागून काकांचा आवाज: "विचार तिला, कंदील सोडून बघायचा का आधी?" हरिपूरला त्यांच्या चुलत्यांची पेवं होती, २००५ च्या महापुरात गेली.

मी म्हटलं, वारा आहे ना? खुशाल जा, बुडबुड्यांच्या तोंडाशी नाक नेऊ नका म्हणजे झालं. आणि पोहायचे कपडे जुने घाला. त्या पाण्यात लोह असतं, डाग काही केल्या निघत नाहीत.